बांगड्यांमधली पट्टी

माधवी घरात कुठे आहे ते कधी विचारावं लागत नसे. पहाटे हेब्बाळच्या तळ्यावरचं धुकं आमच्या खिडकीच्या गजांपर्यंत आलेलं असायचं, बाहेरचं काहीच दिसायचं नाही, आणि त्या पांढऱ्या अंधूकपणात मागच्या नळाशी हिरव्या काचेची किणकिण सुरू व्हायची. पाणी भरताना ती ओली आणि जड वाटे, पोळ्या लाटताना कोरडी आणि भरभर. केस विंचरताना मात्र थांबत थांबत, कुणी काही आठवून सांगत असावं तशी. माझ्या धाकट्या दिराची, दिनेशची, ही बायको. बेळगावहून नवी नवरी होऊन आली तेव्हा कासाराने तिचे हात इतके नेटके भरले होते की मनगटावरून एकही बांगडी उतरत नव्हती.

तिच्या वडिलांचं लग्नकार्यांना लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. वायरींच्या गुंत्यात वाढलेली मुलगी, तिला आवाजाचं वेड. कपडे वाळत घालता घालता ती मध्येच थांबायची, तळ्याकाठच्या बगळ्यासारखी मान कलती करायची आणि हळूच म्हणायची, "ऐकलंत, अक्का?" मला काहीच ऐकू आलेलं नसायचं. मग सावकाश, खूप लांबून, सिल्व्हर ओकच्या रांगेतून वारा येताना कळायचा. तो आमच्या अंगणात पोचेपर्यंत ती पुन्हा कपड्यांकडे वळलेली असायची.

आमच्या गल्लीच्या टोकाला रुद्रण्णा राहायचे. माहितीपटांसाठी आवाज टिपणं हे त्यांचं काम. उंच, वाळक्या शेंगेसारखे, बोलणं फार कमी. त्यांनी माधवीला शिकवायचं कबूल केलं आणि एक लांब दांडी तिच्या हाती दिली. दांडीच्या टोकाला माईक, त्यावर वाऱ्यासाठी केसाळ टोपडं. "आमची बायको काठीला मांजर टांगून हिंडते," असं दिनेश सगळ्यांना सांगायचा. घरी ती कपड्यांच्या बांबूला पाण्याचा तांब्या बांधून सराव करी. दोन्ही हात डोक्यावर, दंड थरथरताहेत, डोळे मात्र तांब्यावर. संध्याकाळचं पिवळं ऊन भिंतीवर तिची सावली पाडायचं, आणि ती सावली आभाळातलं काहीतरी अलगद उतरवून घेणाऱ्या बाईसारखी दिसायची.

मार्चमध्ये जॅकरँडाची निळी फुलं रस्त्यावर सांडायला लागली, तेव्हा तिला पहिलं खरं काम मिळालं. तळ्याकाठी कपडे धुणारी एक म्हातारी होती, चिक्कम्मा. पाणी पूर्वी कुठवर यायचं, नवऱ्याची डोंगी, ती लहानशी होडी, कुठे बांधलेली असायची, हे सांगता सांगता ती रडली. सगळं मनासारखं झालं असं वाटलं. मग रुद्रण्णांनी टेप लावली. म्हातारीच्या प्रत्येक शब्दाखाली बारीक किणकिण होती. दांडी धरून माधवीचे हात थरथरले होते, आणि काचेने ते सगळं सांगून टाकलं होतं.

"बळे तेगी, अम्मा," रुद्रण्णा कानडीत म्हणाले. बांगड्या काढ. पुढच्या रविवारी म्हातारीला पुन्हा एकदा विचारू. तेव्हाही हेच झालं तर दांडी दुसऱ्याच्या हातात जाईल. ते रागावले नव्हते, म्हणून तिला जास्त लागलं.

काढायच्या म्हणजे फोडायच्या. आमच्या सासूबाई तो शब्दसुद्धा बांगडीला लावत नसत, 'वाढवणं' म्हणत. आणि लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

"आई, मी रोज बसला लोंबकळून कारखान्यात जातो, तेव्हा मरत नाही," दिनेश म्हणाला. "एका बांगडीने काय मरतोय."

"तोंड आवर. आणि हिला सांग, मोकळा हात घेऊन माझ्या पुढ्यात यायचं नाही."

त्या दिवसापासून माधवी हात अंगाशी धरून चालू लागली, भांडं उचलताना दुसऱ्या हाताने मनगट दाबू लागली. घर एकदम मुकं झालं. ती कुठे आहे ते कळेनासं झालं, आणि मी उगाचच दोनदोनदा मागच्या दारी जाऊन पाहू लागले.

मला बोलायला जमत नाही; शिवायला जमतं. मी कापडाची लांब पट्टी कापली आणि तिच्या हातावर एका बांगडीखालून, दुसरीवरून, अशी विणत नेली, खाट विणतात तशी. माधवीने रुद्रण्णांकडून मागून आणलेल्या टेपरेकॉर्डरचे हेडफोन माझ्या कानांवर ठेवले आणि माईकची दांडी धरून हात वर केला. किणकिण गेली होती. तिच्या जागी खसखस आली होती, वाळक्या पानांतून कुणी चालल्यासारखी. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. कधी आल्या होत्या कोण जाणे. "नवं कापड आहे ते, खळ आहे त्याला," म्हणाल्या. आत गेल्या आणि आपलं जुनं सुती लुगडं घेऊन आल्या, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. स्वतःच्या हाताने त्याचा काठ टरकावला. "एकेक बांगडी वेगळी गुंडाळ ग. घाई करू नकोस." मग माधवीचा हात आपल्या मांडीवर घेऊन आम्हाला पट्ट्या देत बसल्या.

या वेळी हेडफोनमध्ये काही आलं नाही. म्हणजे आमचं स्वयंपाकघर आलं. माठाखालच्या ताटलीत पडणारा थेंब, बाहेरचा कावळा, सासूबाईंचा श्वास. रुद्रण्णांची एक रीत होती: कुठेही बोलणं टिपून झालं की सगळ्यांनी स्तब्ध उभं राहायचं आणि त्या जागेची शांतता टिपायची, कारण पुढे जोडताना बोलण्यात भोक पडलं तर तिथे त्याच जागेची शांतता लावावी लागते. मला ते लगेच पटलं. ठिगळही त्याच ताग्यातलं लागतं. माधवीने आमच्या स्वयंपाकघराचीही शांतता टिपायचं ठरवलं. "अक्का शूटिंगला हव्यात," ती म्हणाली, "यांना गप्प राहा म्हणून सांगावं लागत नाही." सासूबाई हसल्या, आणि मग तिघी उभ्या राहिलो आणि माधवीने कॅसेट सुरू केली.

रविवारी चिक्कम्माने तिचे गुंडाळलेले हात पाहून विचारलं, भाजलं का ग. खरं कारण ऐकून म्हातारी इतकी हसली की डोंगीची गोष्ट तिने या खेपेला हसत हसत सांगितली. रुद्रण्णांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून म्हणाले, "सरी." म्हणजे, बरोबर आहे. घरी येऊन माधवीने तो एक शब्द आम्हाला किती तऱ्हांनी म्हणून दाखवला.

आता हेब्बाळला उड्डाणपूल झाला आहे आणि धुकं खिडकीपर्यंत येत नाही. माधवी आणि दिनेश पुण्याला गेले. सिनेमांच्या शेवटी तिचं नाव येतं म्हणे, फार भरभर, मला ते वाचता येत नाही. सासूबाई गेल्या. ती कॅसेट माझ्याकडे राहिली. दुपारी एकटी असते तेव्हा लावते. थेंब पडतो, कावळा ओरडतो, तीन बायका श्वास रोखून उभ्या असतात. अगदी शेवटी टेप बंद करायला माधवी हात खाली आणते, पट्टी कुठेतरी सैल झालेली असते, आणि एक बांगडी दुसरीवर हलकेच वाजते. तेव्हा ती चूक होती. आता मी सगळी शांतता तेवढ्यासाठी ऐकत बसते, आणि ती वाजली की गेलेली वर्षं क्षणभर मागच्या नळाशी पाणी भरत असतात.