चौकशीचा फोन

माझ्या नातीचा, दानेश्वरीचा, परदेशात शिकायला जायचा व्हिसा नाकारला गेला. वकिलातीतून घरी चौकशीचा फोन केला, तेव्हा इथून कुणी शिकायला जाणार नाही असं सांगण्यात आलं, हे कारण पत्रात होतं.

तो फोन मीच घेतला होता. लहानपणी मंद्रूपला अक्काचं लग्न ठरल्याचं मी आडावर बोलून बसले आणि आठवड्यात ते मोडलं. तेव्हापासून चांगलं काही पार पडेपर्यंत परक्यांना सांगायचं नाही, ही सवयच लागली.

"फुलाबाईनंच उचलला असणार," दानू म्हणाली. "अपिलात तसंच लिहिते. आणि तिला कामावरून काढा."

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी फुलाबाई भांडी घासताना म्हणाली, "आज्जी, तुमी तरी सांगा की! मी फोनला हात बी लावत न्हाय."

मग मी दानूला सगळं सांगितलं.

"अज्जी, वकिलातवाले मला पळवून नेणार होते का गं?"

तो फोन मीच घेतला होता, असं मी अपिलासोबत जोडायला लिहून दिलं, सही केली. फुलाबाई दारात उभी होती.

"व्हतंय आज्जी. या वयात ध्यानात ऱ्हात न्हाय."

मला सगळं ध्यानात होतं, हे मी तिला सांगितलं नाही.