तोंड ढिगाऱ्याकडे

तुम्ही मला न झाडताच पास केलंत. होय, तुम्हालाच म्हणतोय, कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावर बसणाऱ्या साहेबांना. तुमचं नाव मला ठाऊक नाही, कारण तुम्ही नाव लिहीतच नाही, नुसती आद्याक्षरं खरडता. जेवणाची वेळ झाली होती. मला उचललंत, रिकामा चाप एकदा ओढलात आणि खोक्यात कोंबलंत. वीस गोळ्या झाडून पाहिल्या असत्यात तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मित्रांनो, मी एक पिस्तूल आहे. जुना म्हणवून घ्यायला मला आवडलं असतं, पण जुना होण्याइतकं मी जगलोच नाही. माझी सगळी कारकीर्द एका शनिवारच्या सकाळची.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मार्लिस नावाच्या बाईंनी मला घेतलं. सव्वीस वर्षं त्यांनी गाडीतून खेडोपाडी टपाल वाटलं होतं. आता निवृत्त होऊन त्या एकट्याच राहतात. सगळ्यांत जवळचा शेजारी चार मैलांवर. कोंबड्यांच्या खुराड्यात पिसाळलेला स्कंक, म्हणजे घाण वास सोडणारा मांजराएवढा प्राणी, शिरला होता, म्हणून मी. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा अंगावर तेल चमकत होतं आणि मी नुसता उसळत होतो. काम करायचंय, मला काम द्या!

शनिवारी त्या मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेल्या. सोबत त्यांचा धाकटा भाऊ ड्वेन. समोर मातीचा उंच ढिगारा, त्याच्यापुढे कागदाची लक्ष्यं. पहिल्या दहा गोळ्या अशा गेल्या की काय सांगू! दहाही कागदात. "चांगलं आहे हो हे," असं मार्लिस स्वतःशीच म्हणाल्या. आयुष्यात माझं झालेलं कौतुक तेवढंच.

गोळ्यांचं दुसरं मॅगझीन भरलं. त्यांनी माझी मागे ओढलेली स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, सोडली, ती पुढे आदळली आणि धाड! चापाला कुणीही हात लावला नव्हता. चाप ओढेपर्यंत आतल्या आकडीनं घोडा धरून ठेवायला हवा होता, तिनं धरला नाही. गोळी ढिगाऱ्यात गेली, कारण माझं तोंड तिकडे होतं.

"लागलं बोट!" ड्वेन हसला. "सव्वीस वर्षं पेट्यांत पत्रं टाकलीस, दिसेल त्या भोकात बोट घालायची सवय जात नाही तुझी."

"माझं बोट बाहेर होतं, ड्वेन."

"अगं, नवीन आहे ते. पाचशे गोळ्या जाऊ देत, आपोआप बसेल. माझंही सुरुवातीला असंच कुरकुरायचं."

इकडच्या लोकांची ही ठाम समजूत आहे. नवा बूट जसा चावून चावून पायाला बसतो, तसं नवं पिस्तूल झाडून झाडून बसतं म्हणे. अहो, बूट चावला तर फोड येतो! मी चावलो तर?

मार्लिसनी मॅगझीन काढलं, आतलं काडतूस काढलं आणि मला बाकावर ठेवलं, तोंड ढिगाऱ्याकडे. "ऑर्विलला दाखवू या," त्या म्हणाल्या. ऑर्विल म्हणजे मैदानावर सगळ्यांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारा म्हातारा.

"तो? तो अर्धा तास भाषण ठोकेल. आण इकडे." आणि ड्वेननं मला भरलं.

एक गोळी नीट गेली. मग चाप मऊ पडला. ओढला, पण काही नाही. पुन्हा ओढला, तरी काही नाही. आणि त्यानं ती चूक केली. अडकलेली वस्तू माणूस दुसऱ्याला दाखवतो, तसा तो मला हातात घेऊन वळला. "हे बघ, मेलं की हे!"

माझ्यासमोर मार्लिसच्या कोटाचं तिसरं बटण होतं. माझ्या पोटात जिवंत काडतूस होतं आणि आकडी केसभर सरकत होती. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

"ड्वेन! तोंड ढिगाऱ्याकडे!"

टपाल वाटताना रस्त्यावरची कुत्री मार्लिसच्या ज्या आवाजानं मागे सरत असतील, तो आवाज होता तो. ड्वेन गर्रकन वळला. मी माती पाहिली आणि धाड! बोट चापावर नव्हतंच. आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढलं.

"थांबा! कुणी हलू नका!" ऑर्विल आला. धावला नाही, चालत आला. "ड्वेन, बोट कुठंय?"

"बाहेर."

"तिथंच राहू दे. ही आकडी कधी सुटेल त्याचा नेम नाही. सुटायचीच असेल तर आत्ता सुटू दे, मातीत. तीसपर्यंत मोज. मोठ्यानं."

"ऑर्विल, खाली ठेवू का रे हे?"

"नको. तोंड नको हलायला."

ड्वेन मोजू लागला. सतरावर तो अडखळला. अठरापासून मार्लिसनी मोजलं.

मग ऑर्विलच्या सांगण्याप्रमाणे आधी मॅगझीन निघालं, मग स्लाइड मागे गेली. काडतूस खडीवर घरंगळलं. ऑर्विलनं नळीत डोळ्यानं पाहिलं, बोटानं चाचपलं. "रिकामं. घ्या आता श्वास."

ड्वेन बहिणीकडे वळला. "मार्लिस, मी तुला..."

"हो. आणि बोटाचं काय म्हणालास मघाशी?"

"मागे घेतलं गं बाई, मागे घेतलं."

"मग ओत कॉफी."

मी 'झाडू नये' अशी लाल चिठ्ठी गळ्यात बांधून कारखान्यात परत गेलो. सहा आठवड्यांनी आलो. सोबत एका ओळीचं पत्र होतं : 'एक भाग बदलला, पिस्तूल ठीक आहे.' कोणता भाग? का बदलला? त्याबद्दल एक अक्षर नाही. मार्लिसनी मला पुन्हा कधी भरलं नाही. कुलूपबंद पेटीत रिकामा पडून आहे. साहेब, त्यांनी तुम्हाला तीन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखं काही कुठे पडलेलं दिसलं तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आणि मोठे झालात की नवी वस्तू कुरकुरली तर 'बसेल आपोआप' म्हणू नका. थांबा. तिचं तोंड कुठे आहे ते आधी पाहा, मग जाणत्याला दाखवा. ज्याला भाषणाचा कंटाळा आला, त्यानं बहिणीच्या कोटाचं बटण आठवावं.

आणि साहेब, तुमच्याशी बोलणं संपलेलं नाही. माझी आकडी ज्या पेटीतून आली, त्याच पेटीतल्या आकड्या बसवून त्या दिवशी माझ्यासोबत आणखी दोनशे अकरा जण तयार झाले. ते कुणाच्या घरी गेले, त्याची यादी तुमच्याकडे आहे. त्या घरांना तुम्ही कळवलंत का? पत्राला उत्तर द्या. हो किंवा नाही, एवढंच लिहा. आणि या वेळी खाली पूर्ण नाव लिहा.