सामू काय म्हणाला

मोनानं बोलणं बंद केलं त्याला सहा महिने होत आले होते, आणि त्यातले पहिले दोन महिने ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. नववीच्या वर्गात अडुसष्ट पोरं होती. त्यातलं एक गप्प झालं तर मास्तरमंडळी त्याला शिस्त म्हणतात.

मोनाला मात्र ती गप्पता हळूहळू आवडायला लागली होती. रंकाळ्यात बुडी मारून पाण्याखाली थांबलं की काठावरचे आवाज जसे येतात, लांबचे, मऊ, कुणाचेच नसल्यासारखे, तसं तिला सगळं कोल्हापूर ऐकू यायचं. रिक्षांचे हॉर्न, मास्तरांचा भूगोल, मागच्या बाकावरचं हसू, सगळं पाण्यापलीकडचं. रात्री झोप लागायची नाही, म्हणून दिवसा ती अर्धी झोपेत चालायची. कधी फळ्यावरची अक्षरं माशांसारखी हलायची, कधी डबा उघडला की डब्यात आभाळ दिसायचं. भाजी नसल्यामुळे जागा रिकामीच असायची म्हणा.

तिचा बाप बाळाप्पा शाहूपुरीत गुळाच्या वखारीत हमाल होता. दिवसभर गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, वाहून घरी आला की त्याच्याआधी वास यायचा आणि त्याच्यामागून मुंग्या. आई निर्मला एका खानावळीत भाकऱ्या थापायची. ही माणसं सिद्दी. काही शतकांपूर्वी त्यांच्या पूर्वजांना कुणीतरी आफ्रिकेतून गलबतात घालून आणलं, विकलं, आणि मग विसरून गेलं. त्यातले बरेच कर्नाटकात यल्लापूरकडच्या रानात राहिले. मोना दोन वर्षांची असताना बाळाप्पा कामासाठी कोल्हापुरात आला, त्यामुळे तिला रान आठवायचं नाही. ती इथल्या पोरींसारखी "मी आलो", "मी गेलतो" असंच बोलायची. कोल्हापूरचं असल्याचा याहून पक्का पुरावा सरकारी कचेरीतही मिळत नाही.

अडचण एवढीच की माणूस तोंड उघडायच्या आधी दिसतो.

झालं होतं ते गोकुळाष्टमीला. शाळेनं कृष्णाचं नाटक बसवलं. मोनाला यशोदा व्हायचं होतं. तिनं यशोदेची सगळी वाक्यं पाठ केली होती, भाकऱ्या थापणाऱ्या आईसमोर म्हणून दाखवली होती. नाटक बसवणाऱ्या सरांनी तिला एकदा वरून खाली पाहिलं आणि पूतना दिली. सर मनानं वाईट नव्हते, काटकसरी होते. "हिला रंग लावायला नको," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले आणि दीडशे रुपये वाचल्याची नोंद करून मोकळे झाले. मोनानं काम चोख केलं. बाळकृष्णानं तिचे प्राण शोषले तेव्हा टाळ्यांचा पाऊस पडला. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव पूतना. मागच्या बाकावरून एक आवाजही यायचा, माकडाचा. ती वळली की सगळे पुस्तकात बघत असायचे. एवढा अभ्यास त्या वर्गानं ना आधी केला ना नंतर.

मग एक दिवस बसथांब्यावर एका भल्या माणसानं तिला इंग्रजीत विचारलं, कुठल्या देशातून आलीस. तिनं उत्तरच दिलं नाही. तो अदबीनं मान डोलावून गेला. मोनाला शोध लागला, की ज्याला भाषा कळत नाही त्याला शिव्याही कळत नाहीत. तिनं मराठी येत नसल्याचं सोंग घेतलं. पुढे पुढे सोंग उतरेना. बोलायला गेलं की शब्द गळ्यापर्यंत यायचा आणि गुळाच्या खड्यासारखा तिथंच बसायचा. घरातसुद्धा आता ती मानेनंच हो-नाही करायची.

शाळेत समुपदेशन कक्ष होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, हाडांच्या सांगाड्याशेजारी. तिथं मुलांना एक फॉर्म देत: 'मनात काय चालले आहे ते तीस शब्दांत लिहा.' मोनानं तो कोरा ठेवला. त्यावर शेरा पडला, 'विशेष तक्रार नाही.' आणि आता माघात शाळेचं पत्र आलं. सोमवारी मराठीची तोंडी परीक्षा. तीत विद्यार्थिनी बोलली नाही तर तिला वाचा नसल्याचे गृहीत धरून मूकबधिरांच्या शाळेत पाठवण्यात येईल.

खानावळीच्या मालकानं ते वाचून दाखवलं. निर्मलानं घरी येऊन मोनाचे दोन्ही हात धरले. "एक शबूद बोल, बाई. शिवी दे मला. काय बी बोल."

मोनाला फार वाटलं बोलावं. तिनं तोंड उघडलं. आईचं तोंड पाण्याखालून दिसावं तसं हललं, लांब गेलं.

रविवारी सकाळी दाराशी दोन माणसं आली. एक आकाराम वस्ताद, मोरबाव तालमीचे. सत्तरीचे, कुस्तीत मोडून वाटाण्यासारखे झालेले कान. दुसरा अमरसिंह, तालमीच्या फुटबॉल संघाचा कप्तान, रात्रभर न झोपलेला.

"पावणं, तुमची पोरगी पायजे," वस्ताद म्हणाले.

बाळाप्पा उभाच राहिला. "कशापायी?"

"आमचा सामू उठंना झालाय."

सामू म्हणजे सॅम्युएल. तालमीनं या हंगामाला नायजेरियातून आणलेला एकोणीस वर्षांचा फॉरवर्ड. दुपारी चारला फायनल होती आणि सामू दोन दिवस खोलीत पडून होता. डॉक्टर झाले, काही सापडलं नाही. पांढरा रस्सा झाला. मिरच्या ओवाळून दृष्ट काढली, तर मिरच्यांच्या धुरानं बाकीचा संघ आजारी पडला.

"त्यो काय बोलंना," अमरसिंह म्हणाला. "तवा म्हटलं, तुमच्या गावाकडचाच हाय, तुमची पोर विचारंल."

"आमचं गाव यल्लापूर वो."

"तेच की. तिकडंच कुटंतरी," वस्ताद म्हणाले.

बाळाप्पानं थोडा वेळ भूगोलाचा विचार केला आणि सोडून दिला. "पोर बोलत न्हाय, वस्ताद. सा म्हैने झालं."

"मराठी बोलत नसंल. त्याच्यासंगं त्यांचं बोलंल की."

"त्यांचं म्हंजे कुनाचं?"

वस्तादांना हा प्रश्न अवघड गेला. त्यांनी मोडक्या कानाला हात लावला. मग अमरसिंह खाली बघत म्हणाला, "मागल्या मॅचला गॅलरीतनं माकडाचा आवाज काढला काय जनांनी. तवापासनं आसं हाय."

मोना उठली आणि पायात चप्पल घातली.

तालमीच्या माडीवर ती खोली होती. अंगणात चाळीसएक माणसं ढोल पुढ्यात घेऊन बसली होती, वाजवायची सोय नव्हती म्हणून नुसती. बाळाप्पा पायरीवर थांबला. मोना एकटीच वर गेली.

वर निळी मच्छरदाणी होती आणि आत एक उंच पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. खिडकीतून पिंपळ दिसत होता, पिंपळामागे रंकाळ्याची एक चकाकती पट्टी. वारा आला की मच्छरदाणी फुगायची, बसायची, जणू खोलीच श्वास घेत होती. मोना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. तिला वाटलं, आपण तळ्याच्या तळाशी आलोय आणि इथं आपल्याआधी कुणीतरी येऊन राहिलंय.

बऱ्याच वेळानं सामूनं कूस बदलली. तिला पाहिलं. घाबरला नाही, नवल वाटल्यासारखाही दिसला नाही. तू कुठली, असं त्यानं इंग्रजीत विचारलं.

मोनानं बोट खाली केलं. इथली.

तो हसला. त्याच्या आधी कुठली, असं विचारणार होता, पण विचारलं नाही. त्याऐवजी तो स्वतःच बोलायला लागला, हळू, छताकडे बघत. नववीच्या इंग्रजीला त्यातला दर चौथा शब्द कळायचा. आई हा शब्द कळला. दुकान कळलं. नदी, की होडी? एक बहीण, जी शिट्टी वाजवते. मध्ये मध्ये कळायचं नाही तिथं मोना स्वतःचं भरायची, नदीच्या जागी रंकाळा, दुकानाच्या जागी वखार, आणि मग त्या गोष्टीत त्याची आई भाकऱ्या थापायला लागली, मोनाच्या बापाच्या सदऱ्यावरून मुंग्या त्याच्या गावाकडे निघाल्या, रांगेनं, समुद्रावरून. पिंपळाची सावली भिंतीवर पोहत होती. सामूचा आवाज बारीक होत गेला आणि एका वाक्याच्या मध्येच त्याला झोप लागली. गाढ. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी.

मोना त्याच्याकडे पाहत राहिली. तिला इतका हेवा कधी कुणाचा वाटला नव्हता.

ती जिन्यावर आली तेव्हा चाळीस माणसं उभी राहिली.

"काय म्हनाला?" वस्तादांनी विचारलं.

मोनानं जिन्याचा कठडा धरला.

"सांग की, पोरी. काय म्हनाला सामू?"

तिला एकदम कळलं, की हा प्रश्न तिला नाही. मोनाला काय होतंय हे कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे मोनाला उत्तर द्यायचं नव्हतं. गळ्यातला खडा जरासा विरघळला.

"त्यो म्हनतोय," ती म्हणाली. आवाज गंजक्या रहाटासारखा आला. पायरीवर बाळाप्पाची मान वर झाली. "त्यो म्हनतोय, झोप येत न्हाय."

"मग आता काय करतोय?"

"आता लागलीया. आधी येत नव्हती. डोळं मिटलं की मागनं त्यो आवाज येतोय. वळून बगितलं की सगळी पुस्तकात बगत्यात."

"पुस्तकात?" अमरसिंह म्हणाला. "गॅलरीत कोन पुस्तक घिऊन येतंय?"

वस्तादांनी हात वर केला.

"त्यो म्हनतोय, त्याला यशोदा व्हायचं होतं. समदं पाठ केलतं. मास्तर म्हनले, हिला रंग लावायला नको. समदी हसली. त्यो बी हसला, कारन न्हाय हसलं तर आनि हसत्यात."

"वस्ताद, नायजेरियात गोकुळाष्टमी…"

"गप ऱ्हा, आमऱ्या. पोरगं बोलतंय."

मोना आता थांबत नव्हती. सहा महिन्यांचं साठलेलं अस्सल कोल्हापुरी जिन्यावरून खाली येत होतं. "त्यानं तोंडाला पीठ लावून बगितलं. खानावळीतनं आनलेलं, भाकरीचं. उजळत न्हाय. डब्यातलं पीठ कमी झालं. त्याची आई डबा हलवून बगती आनि काय म्हनत न्हाय. भाकरी एक कमी करती, सोताची. त्याला वाटतंय, तिनं एकदा वरडावं. त्यो म्हनतोय, कवा कवा वाटतंय पान्यात जावं आनि वर यिऊच नये. तितं कोन बगत न्हाय."

बाळाप्पानं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंडावर धरला होता. ढोलवाल्या पोरांपैकी एकानं उगाचच ढोलाची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

आकाराम वस्तादांचं आयुष्य माणसं पाडण्यात गेलं होतं. पडलेल्या माणसाला काय म्हणायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते जिन्याची एक पायरी चढले, म्हणजे दोघांचे डोळे एका उंचीवर आले.

"सामूला झोपू दे," ते म्हणाले. "आज त्यो खेळनार न्हाय."

"फायनल हाय, वस्ताद," अमरसिंह म्हणाला.

"दर साली असती."

चाळीस माणसं ढोल बाळासारखे कडेवर धरून, चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत अंगणातून बाहेर पडली. भर फायनलच्या दिवशी मोरबाव तालीम आवाज न करता मैदानाकडे गेली. गल्लीतली माणसं दारात येऊन बघत होती, कोण गेलं म्हणून. संघ तीन-शून्यानं हरला, पण ते नंतर.

वस्ताद मागे थांबले.

"सामूला एक निरोप सांगशील?"

"सांगतो."

"म्हनावं, पान्यात जायाचं वाटलं की आदी माझ्याकडं यायचं. कवा बी. दार वाजवायचं."

मोनानं मान हलवली, मग आठवण होऊन म्हणाली, "व्हय."

"आनि म्हनावं, उद्या सोमवार. मी त्याच्या शाळेत येतो. त्या मास्तरला भेटतो जरा."

मोनानं वर खोलीकडे पाहिलं. निळी मच्छरदाणी खिडकीतून दिसत होती, फुगत, बसत. ती थोडा वेळ ऐकत असल्यासारखी उभी राहिली.

"त्यो म्हनतोय, मास्तरला हात लावायचा न्हाय."

"बरं. नुसतं बोलतो."

"बोलायचं बी न्हाय. बोलनार त्योच. तोंडी परीक्षा हाय त्याची." तिचा आवाज जरा कापला, पण खाली आला नाही. "तुमी नुसतं दाराशी उभं ऱ्हायाचं."

वस्तादांनी कानाला हात लावला. सत्तर वर्षांत त्यांना कुणी दाराशी उभं केलं नव्हतं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"अकराला," मोना म्हणाली. "उशीर करू नगा, म्हनतोय."

मग ती बापाचा हात धरून निघाली. गल्लीच्या टोकाशी तिला जांभई आली, मोठी, तोंड भरून. बाळाप्पानं तिला तसंच पाठीवर घेतलं, रवा घेतात तसं, आणि ती घरापर्यंत त्याच्या खांद्यावर, गुळाच्या वासात, झोपून गेली.