शिळं पाणी

एक दिवसाआड पाणी सुरू झालं आणि बाईंची झोप उडाली. शहराच्या पाणीखात्यात टंचाईचं नियोजन त्यांच्याकडे होतं. दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली, धरण तळाला चाललं, तेव्हा ही योजना त्यांनीच आखली. कागदावर ती इतकी देखणी दिसत होती की साहेबांनी खळखळ न करता सही ठोकली. पण मुख्य टाकीच्या मीटरला कागदाशी काय देणंघेणं? एक दिवस नळ बंद, तरी आठवड्याचा खप होता तेवढाच! बाईंनी गळती शोधायला माणसं पिटाळली, झडपा तपासायला लावल्या, फिटरांच्या शिव्या खाल्ल्या. गळती काही सापडेना. असंच चाललं तर पुढच्या पावसाआधी धरण कोरडं पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पाण्याच्या दिवशी सकाळी त्या हातात चहा घेऊन घरभर येरझारा घालत होत्या. तेवढ्यात मागच्या दारी धबधबा कोसळावा तसा आवाज झाला. जाऊन बघतात तर सासरे पिंप आडवं करत होते. बाबांनी सारा जन्म बस चालवण्यात घालवला होता. घरात बसून राहणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

“अहो बाबा, हे काय करताय?”

“शिळं पाणी ओततोय. आता ताजं येईल ना!”

“शिळं कसलं? परवाच तर भरलंय!”

“परवाचं म्हणजे शिळंच की. परवाची भाजी खातेस का तू?”

“पण मुळात एवढं भरायचं कशाला?”

“तुमच्या खात्याचा काय नेम, सूनबाई? उद्या म्हणाल आठवड्यातून एकदा.”

बाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येक दारात तोच कार्यक्रम चालला होता. कोणी पायऱ्या धूत होतं, कोणी सरळ गटारात ओतत होतं. भीतीपोटी चार दिवसांचं भरायचं, दीड दिवसाचं वापरायचं आणि उरलेलं ओतून टाकायचं! सापडली होती गळती. आणि ती बाईंनी स्वतःच्या हाताने पाडली होती.

कचेरीत साहेब वेगळ्याच तयारीत होते.

“बाई, आता दोन दिवसाआड करून टाकू.”

“नको साहेब. रोज द्या. थोडा वेळ द्या, पण रोज.”

“दुष्काळात रोज पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?”

“लोकांना उद्याची खात्री पटली की साठा करणार नाहीत. माझी योजना चुकली, साहेब.”

साहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. “महिनाअखेरपर्यंत बघतो. खप उतरला नाही तर दोन दिवसाआड. मग वर्तमानपत्रांना उत्तरं तुम्हीच द्यायची.”

रोज पाणी सुरू झालं, आणि खप उतरायचा सोडून वर चढला. लोक आता रोज पिंपं भरत होते, रोज ओतत होते. बाईंचा जीव टांगणीला लागला. जेवताना हात थांबे, बोलताना वाक्य अर्ध्यात तुटे. शेवटी त्यांनी बाबांनाच गळ घातली. साठा बंद करायची सुरुवात आपल्या घरापासून करू, मग गल्ली बघेल.

बाबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “तू खात्यातली. तू सांग, उद्या नक्की येणार?”

“येणार, बाबा. माझ्यावर विश्वास ठेवा.”

“बरं,” म्हणाले ते. पिंप त्यांनी पुढच्या दाराबाहेर नेऊन पालथं घातलं, सगळ्यांना दिसेल असं. शेजाऱ्यांनी विचारलं तर ऐटीत म्हणाले, “आमच्या सूनबाईंनी शब्द दिलाय.” संध्याकाळपर्यंत गल्लीत आणखी तीन पिंपं पालथी पडली. कितीतरी दिवसांनी बाईंना पोटभर जेवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेळ झाली तरी नळ कोरडाच. बाबा नळाखाली पातेलं धरून उभे होते. गल्लीतली माणसं दारात येऊन बाईंच्या घराकडे बघू लागली.

“येईल, येईल,” बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. मग आत वळून हळूच पुटपुटले, “चहापुरतं तरी हवं होतं गं.”

बाईंचं सगळं लक्ष नळाकडे. त्या तंद्रीतच आत गेल्या, पलंगाखालून काठोकाठ भरलेली बादली ओढली आणि स्वयंपाकघरात आणून ठेवली. ठेवल्यावर त्यांना कळलं आपण काय केलं ते.

बाबा बादलीकडे बघत राहिले. “कधी भरलीस?”

“काल,” बाई म्हणाल्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात नळ खाकरला आणि पाणी आलं. पंपाला थोडा उशीर झाला होता, एवढंच. बाबांनी नळाकडे बघितलंसुद्धा नाही. ते बाहेर गेले आणि गल्लीदेखत त्यांनी पिंप सुलटं केलं. त्यांना अडवायला बाईंना तोंड राहिलं नव्हतं.