विसावं बाळंतपण

नियम करणाऱ्यांनो, त्या शिकाऊ नर्सच्या वहीतली विसाव्या बाळंतपणाची ओळ तुम्ही लाल शाईने खोडलीत. नर्सिंग आणि सुईणपणाची एकत्र पदवी हवी, तर विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने वीस बाळंतपणं करायची. तिने केली. विसावं बाळ मेलेलंच जन्मलं. त्या बाईची पाठ तिने सहा तास चोळली होती. मग बाळ पुसून, दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत दिलं.

"मेलेलं मोजत नाहीत गं पोरी," वॉर्डातली सिस्टर म्हणाली. "सत्तेपुढे शहाणपण चालत नाही. दुसरी बाई बघ."

"मग हिला काय सांगू सिस्टर, तू बाळंत झालीच नाहीस म्हणून?"

पोरीने तीच ओळ पुन्हा लिहिली आणि वही तुमच्याकडे धाडली. पदवी अडली तर अडो. त्या बाईचं बाळंतपण कोणी केलं, तेवढं लेखी कळवा.