शिक्क्याखालचा ‘नाही’

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडाची, आणि पोटावर एकच शब्द, तोही उलटा कोरलेला: निरंक. कचेरीच्या भाषेत त्याचा अर्थ ‘सांगण्यासारखे काही नाही’. याहून गरीब शब्द जगात नसेल, असे मला वाटायचे. किती चुकीचे वाटायचे, ते आता सांगतो.

शिक्केवाल्याने मला तयार केले तेव्हा तो हसला होता. “काही नाही हे सांगायलाही शिक्का लागतो का हो?”

आमचे हेडक्लार्क म्हणाले, “दिवसातून दोनशे वेळा हाताने लिहून बघा, मग बोला.”

त्यांचेही खरेच होते. आमची कचेरी जमिनीखालच्या कोळशाच्या खाणींना परवाने देणारी. खाणवाले अटी पाळतात की नाही, याचे तक्ते दर महिन्याला यायचे. धूळ, आवाज, गळती, विहिरी, तक्रारी, असे एकोणीस रकाने. बहुतेक रकान्यांत नुसती रेघ, नाहीतर ‘नाही’ लिहिलेले. पण रेघ किंवा ‘नाही’ वरिष्ठांकडे जायचे नाही. तिथे ‘निरंक’च हवे, असा कचेरीचा शिरस्ता. मग हेडक्लार्क मला शाईत बुडवायचे आणि टप टप टप सारा तक्ता जांभळा करून टाकायचे. “याच्यामुळे माझा अंगठा वाचला,” असे ते येईल त्याला सांगत. लोक त्यांना ‘निरंकराव’ म्हणून चिडवत, ते गालातल्या गालात हसत. माझ्याही अंगावर मूठभर मांस चढायचे.

विहिरींचा तक्ता मोजणीवाल्या ताई भरायच्या. खाणीच्या बरोबर वर जी वस्ती होती, तिथेच त्यांचे घर. दर महिन्याला त्या अकरा विहिरींत फीत सोडायच्या आणि पाणी किती मीटर आहे ते टपोऱ्या आकड्यांत लिहायच्या. त्यांच्या कागदावर ओल्या बोटांचे ठसे उमटलेले असायचे. मला ते आवडत नसत, कारण त्यावर माझी शाई फुटायची.

त्या वर्षी खाणवाल्यांनी नवा परवाना मागितला. वस्तीखालचा कोळसा काढताना छत तोलून धरायला त्यांनी कोळशाचेच खांब ठेवले होते. आता त्यांना ते खांबही काढायचे होते. कचेरीची अट साधी होती. वरच्या एका जरी विहिरीचे पाणी गेले, तरी खांबांना हात लावायचा नाही. पाणी गेले याचा अर्थ जमीन आतून फाटायला लागली.

त्या महिन्याच्या ताईंच्या कागदावरही ओल्या बोटांचे ठसे होते, चार नंबरची ओळ तेवढी कोरडी ठणठणीत. दहा विहिरींचे आकडे होते, आणि चार नंबरच्या विहिरीपुढे एकच शब्द: नाही.

हेडक्लार्कांपुढे तक्त्यांचा ढीग, आणि परवाने तपासणाऱ्या मॅडमनी दुपारपर्यंत गोषवारा मागितलेला. त्यांचा हात सवयीने माझ्याकडे आला. मी त्या ‘नाही’वर सरळ, ठसठशीत बसलो. इतका छान ठसा माझा क्वचितच उमटला असेल.

“विहिरींचं काही नाही ना?” मॅडमनी विचारले.

“काही नाही, मॅडम. निरंक.”

मॅडमनी सही केली.

नऊ दिवसांनी ताई कचेरीत आल्या. हातात फीत तशीच होती. “काका, खांब काढायला लागलेत ते. मी लिहून दिलं होतं ना?”

“काय लिहून दिलं होतंस?”

“चार नंबरला पाणी नाही म्हणून.”

हेडक्लार्कांनी फाईल काढली. कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. माझ्या शाईखाली काय लिहिले आहे, ते कुणालाच वाचता आले नसते. आपण कशावर शिक्का मारला, ते त्यांना एकट्यांनाच कळले. त्यांच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. खोटे कशाला बोलू, मित्रांनो, मला वाटले, त्यांनी फाईल मिटावी आणि कपाटात टाकावी. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

ते मला हातात घेऊनच मॅडमच्या खोलीत गेले. “मॅडम, तिनं ‘नाही’ लिहिलं होतं. पाणी नाही, असं. मी त्यावर हा मारला. काय नाही, ते विचारलंच नाही.”

मॅडमनी आधी खाणीत फोन लावला, मग काम थांबवण्याचा हुकूम लिहिला. काम त्याच दिवशी थांबले. पण खांबांच्या दोन ओळी निघून गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ताईंच्या स्वयंपाकघराची जमीन हातभर खचली आणि मधली भिंत कोसळली. माणसे वाचली, कारण सासूबाईंना आणि मुलींना ताईंनी आधीच बाहेर काढले होते. बाकी काही राहिले नाही.

पुढच्या महिन्याचा तक्ता मात्र वेळेवर आला. दहा आकडे तसेच टपोरे. चार नंबरपुढे या वेळी पूर्ण लिहिले होते: पाणी नाही. विहीर बुजली. घर नाही.

हेडक्लार्कांचा हात सवयीने माझ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्यांनी टाक उचलला, ती तिन्ही वाक्ये गोषवाऱ्यात स्वतःच्या हाताने उतरवली आणि मला खालच्या खणात टाकले. त्यानंतर त्यांना कुणी निरंकराव म्हटले नाही.

मी त्या खणात अजून आहे. शाई वाळून अक्षरांत भेगा पडल्या आहेत. मला बाहेर काढा असे मी म्हणणार नाही. मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठल्यातरी टेबलाशी बसाल, आणि तुमच्यापुढे कुणाचा तरी ‘नाही’ येईल. त्यावर काहीही उमटवण्याआधी एकदा मान वर करून विचारा, “काय नाही?” त्या दिवशी एवढे दोनच शब्द कुणी विचारले असते, तर ताईंचे घर आज उभे असते.