बिनलेबलची पुडी

सासूचा गुडघा बरा झाल्यावर रीताच्या पदरात काय काय पडलं, ते आधी मोजून घेऊ. सकाळी तेल चोळण्यातला पाऊण तास वाचला. हिंगोलीची सव्वासातची एसटी रोज मिळू लागली. आणि मोठी मिळकत म्हणजे, ‘सून दवाखान्यात सिस्टर आन् सासू लंगडून राहिली’ हा तांड्यातला टोमणा बंद झाला. एवढा फायदा होत असताना माणूस फार प्रश्न विचारत नाही. रीताने एकही विचारला नाही.

हा फायदा करून दिला सोमेश्वर महाराजांनी. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला त्यांचा पत्र्याचा मठ. गुरुवारी तिथे इतकी गर्दी की लोक दुसऱ्याच्याच चपला घालून घरी जायचे आणि त्यालाही प्रसाद समजायचे. महाराज पैशाला शिवत नसत. हळदीचं पोतं मात्र कुणी आणून ठेवलं, तर ते परत जाऊ देत नसत.

“ह्या अंगाऱ्यात एकशेआठ मुळ्या हायेत,” ते सांगत. “अकरा हिमालयातल्या, बाकीच्या कुठल्या ते मलाबी सांगायची आज्ञा न्हाई. रोज सकाळी मधात एक पुडी. मधीच सोडली तर देव कोपतो. ज्यानं सोडली त्यो आठ दिसात खाटेला लागला. इचारा कुनालाबी.”

विचारलं तर ते खरंच निघायचं. सगळी खुबी तिथेच होती.

सासू, जिवनबाई, मठात काठी टेकत गेल्या होत्या. चौथ्या दिवशी ती काठी कोंबड्या हाकायला उरली. चार महिन्यांत भूक वाढली, गाल भरले, चेहरा परातीसारखा गोल झाला. शेजारची रूपाबाई त्यांना न्याहाळून म्हणाली, “तोंडावर तेज आलं बरं का, जिवनबाई.”

“सून गुनाची हाय,” जिवनबाई म्हणाल्या. “रोज आपल्या हातानं चाटवती.”

चाटवत होती खरी. हीच रीता वॉर्डात शिकाऊ पोरींना दरडावायची: रुग्ण कोण, औषध कोणतं, किती, कशातून द्यायचं आणि किती वाजता, हे पाचही बघितल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, लेबल नसलेली बाटली तर ट्रेमध्येसुद्धा नको. घरी मात्र ती जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली राख मधात कालवायची आणि सासूला आईच्या मायेनं म्हणायची, “याडी, तोंड उघडा.”

एका सकाळी पुडी नीट कुटलेली नव्हती. मधात बोट फिरवताना काहीतरी टोचलं. पांढऱ्या गोळीचा तुकडा. कड गुळगुळीत, अंगावर खाच. गोळी मोडायला सोपी जावी म्हणून कारखान्यात पाडतात ती खाच. हिमालयातल्या मुळीला ती नसते.

रीताने सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. असे गोल चेहरे तिने वॉर्डात कितीतरी पाहिले होते, दीर्घकाळ स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णांचे. स्टेरॉइड सूज दाबतं, दुखणं पळतं. झिजलेला गुडघा झिजलेलाच राहतो. हे सगळं तिला पाठ होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

लाजेनं तिचे कान तापले. आणि त्या लाजेतच तिनं दुसरी चूक केली: उरलेल्या पुड्या चुलीत घातल्या आणि घरात सांगितलं, “संपल्या.”

तिसऱ्या दिवशी जिवनबाई उठेनात. ओकाऱ्या, गरगर, हातपाय गार.

“पुडी सोडली का काय?” दारातून रूपाबाई म्हणाली. “मंग देव कोपला.”

रीताच्या नवऱ्यानं, विकासनं, मोटारसायकलची किल्ली घेतली. “मी महाराजाकडं जाऊन येतो.”

“जीप बोलवा,” रीता म्हणाली. तिनं रक्तदाब मोजला होता. वरचा आकडा ऐंशीवर आला होता.

दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनींनी विचारलं, “घरी काही औषध चालू होतं?”

विकास शेजारीच उभा होता. गप्प राहिलं असतं तर डॉक्टर ओकाऱ्यांचं कारण दुसरीकडेच शोधत बसल्या असत्या आणि वेळ गेला असता. रीता म्हणाली, “अंगाऱ्याची पुडी. आत स्टेरॉइड असावं. चार महिने मीच देत होते. परवा मीच एकदम बंद केली.”

विकासनं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं, म्हणजे स्टेरॉइडचंच, इंजेक्शन सांगितलं. रीताने लेबल दोनदा मोठ्याने वाचलं आणि इंजेक्शन दुसऱ्या सिस्टरच्या हाती दिलं.

संध्याकाळी जिवनबाईंनी चहा मागितला. पण तांड्यात अजून बावीस घरांत पुड्या होत्या. दुसऱ्या दिवशी रीता सगळ्यांपुढे उभी राहिली आणि पहिल्यापासून सगळं बोलली.

“मंग आजच धरनात फेकतो,” रूपाबाई म्हणाली.

“न्हाई. मी तेच केलं. हे औषध आपलं शरीर सोताबी थोडं थोडं बनवत असतं. बाहेरून रोज आयतं मिळालं की आतलं काम थांबतं. मग एकदम बंद केलं की आंगात काहीच उरत न्हाई, माणूस कोसळतो. महाराजाला हे बराबर ठाऊक हाय. त्याचा कोपणारा देव तो हाच. पुड्या घेऊन दवाखान्यात चला. डॉक्टर तपासतील आन् हळूहळू कमी करतील.”

“तू सिस्टर असून तुला कळलं न्हाई व्हय?”

“कळलं असतं. मी इचारलंच न्हाई. मला बरं पडत होतं. आत काय हाय हे कळल्याबिगर कुणाच्याच हातचं औषध घेऊ नका. माझ्याबी न्हाई.”

डॉक्टरांनी कळवल्यावर मठाची तपासणी करायला सरकारी माणसं पोचली, तेव्हा महाराज पसार झाले होते, तिथे नुसते पत्रे होते. म्हणजे महाराजांनी काही भरलं नाही. रीतानं भरलं ते एवढंच, की तांड्यात तिची मान खाली गेली. ती स्वस्तात सुटली. उरलेलं सगळं जिवनबाईंनी भरलं: रक्तातली साखर वाढली ती वाढलीच, हाडं ठिसूळ झाली, आणि गुडघा पहिल्यासारखाच दुखतो.